लालीचा उजवा डोळा

एकतीस वर्षं मी लोखंडाच्या आत पाहिलं आणि दोनदा घोड्याच्या डोळ्यात. लोखंडाबद्दल मी बोलायला लागलो की घरातली माणसं हळूच पेपर उघडतात. घोड्याच्या डोळ्याबद्दल मात्र मी आजवर घराबाहेर चकार शब्द काढलेला नाही, म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तेच लिहायला बसलो. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गंमत सुरुवातीला थोडी आहे. पुढचं मला जमलं तसं लिहिलं आहे, त्यांनी सांभाळून घ्यावं.

भिलाईत राहायचं आणि कारखान्यात नसायचं, हा त्या काळी चमत्कारच होता. लग्नाची बोलणी झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी लाखनीला मला विचारलं, "जावईबापू, कोनत्या सेक्टरात क्वार्टर हाये?" मी म्हटलं, कारखान्याच्या सेक्टरात नाही, दुर्गजवळ बोरसीला भाड्याच्या दोन खोल्या आहेत. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग सासूबाईंना म्हणाले, "भिलाईत हाये म्हंते, पन भिलाईत नाई." माझं इतकं नेमकं वर्णन पुढे कुणी केलं नाही. मी कारखान्याच्या सावलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. मालक धरून आम्ही चार माणसं.

आमच्याकडे धुरे म्हणजे चाकांचे आस, शाफ्ट, क्रेनचे हुक, मोठाले बोल्ट तपासायला यायचे. वरून सगळे गुळगुळीत. आत कुठे भेग आहे का, ओतताना हवा अडकून राहिली आहे का, हे न कापता सांगायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी एक मशीन होती, अंगानं जुन्या रेडिओएवढी, समोर हिरवट पडदा. तिला वायरनं जोडलेली अंगठ्याएवढी प्रोब. लोखंडावर तेलाचं बोट फिरवायचं आणि प्रोब टेकवायची. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज तिच्यातून आत जातो आणि पलीकडच्या कडेला आपटून परत येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा. पडद्यावर एक टोक उभं राहतं ते आवाज निघाल्याचं, दुसरं उभं राहतं ते आवाज शेवटाला आपटल्याचं. मधली रेघ सपाट असली की माल चांगला. मध्ये आणखी एखादं टोक उभं राहिलं, म्हणजे आवाज वाटेतच कशाला तरी अडला. मग खडूनं फुली मारायची. माल बाद.

हे मला वर्मा उस्तादांनी शिकवलं. त्यांचा एकच मंत्र होता, "पहले ब्लॉक, फिर माल." ब्लॉक म्हणजे पोलादाचा एक ठोकळा. त्याची जाडी आपल्याला माहीत असते, त्यात मुद्दाम पाडलेलं भोक कुठे आहे तेही माहीत असतं. सकाळी आल्याबरोबर प्रोब आधी त्याच्यावर लावायची. माहीत असलेल्या वस्तूवर मशीन खरं बोलली, तरच माहीत नसलेल्या वस्तूबद्दल तिचं ऐकायचं. एकदा घाईत मी ब्लॉक न लावता शाफ्टला हात घातला, तर उस्तादांनी मला दिवसभर बाहेर स्टुलावर बसवून ठेवलं होतं. त्यानंतर एकतीस वर्षांत एकही सकाळ मी ब्लॉक चुकवला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझा सगळा अपराध त्यातच आहे.

गिऱ्हाइकं कशी कशी यायची! सिविक सेंटरमधला एक सराफ रुमालात चांदीची वीट बांधून आला, आत दुसरं काही भरलं आहे का पाहा म्हणून. एक बाई नारळ घेऊन आल्या. नवसाचा आहे, देवापुढे फोडला आणि आत खराब निघाला तर काय तोंड दाखवू, म्हणाल्या. नारळाच्या शेंड्यांवर प्रोब टेकत नाही, हे त्यांना पटेना. एवढी मोठी मशीन आणि केसांना घाबरते, असं बोलून त्या निघून गेल्या.

एकदा मी क्रेनचा एक हुक बाद केला. त्याचा मालक माझ्या अंगावर धावून आला. हुक नवा कोरा, चकचकीत. शेवटी त्याच्यासमोर करवतीनं कापला. आत बोटभर लांब भेग. तो माणूस खालीच बसला, आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. त्या हुकाखाली रोज दहा माणसं उभी राहायची. तेव्हापासून औद्योगिक वसाहतीत म्हणायला लागले, लांजेवारनं बाद म्हटलं की बाद. मला हे फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवलं की बरं वाटतं.

आता लाली.

लाली म्हणजे सदारामची घोडी. सदाराम आमगावकडचा, दुर्गला टांगा चालवायचा आणि बोरसीची सहा पोरं शाळेत न्यायचा. त्यात आमची मीना होती. लाली रंगानं विटकरी, कपाळावर पांढरा पट्टा. सकाळी आमच्या फाटकापाशी ती आपली आपणच थांबायची, लगाम ओढावा लागत नसे. मीना हातातल्या पोळीचा शेवटचा तुकडा तिला द्यायची. पोळी तुपाची नसली तर लाली मान हलवून हलवून घुंगरं वाजवायची, अशी आमच्या बायकोची समजूत होती. ते घुंगरू ऐकून मी चहाचा कप खाली ठेवून कामाला निघत असे. आमच्या घरातलं घड्याळ पाच मिनिटं मागे असलं तरी कधी अडलं नाही.

शाळेची वाट नेहरू नगरावरून, मोठ्या रस्त्याला लागून जायची. ट्रकांची रीघ. तिथे आलं की सदाराम खाली उतरायचा, लालीच्या उजव्या बाजूला यायचा, गालपट्टा धरून तिच्याशी बोलत बोलत टांगा पुढे न्यायचा. ट्रक उजवीकडून यायचे, आणि ट्रक आणि लाली यांच्यामध्ये सदाराम असायचा. ती त्याची जागाच होती.

एका सकाळी तो टांगा न घेता आला. "भाऊ," मला म्हणाला, "लालीच्या डोयात केस फिरून राहिला. जिता केस."

आमच्यापासून दोन घरांवर डॉक्टर देशकर राहायचे. अमरावतीचे, गुरांचे डॉक्टर. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की केस नाही, किडा आहे, दोऱ्यासारखा बारीक. डासांवाटे रक्तात येतो आणि कधी कधी डोळ्यातल्या पाण्यात जाऊन पोहत बसतो. त्यांनी सुईनं टोचून किडा बाहेर काढला. मी स्वतः तो वाटीत वळवळताना पाहिला. सदारामनं डॉक्टरांचे पाय धरले. पण आठ दिवसांत डोळा सुजला, आणि पंधरा दिवसांत त्यावर पांढरी साय आली. आतलं काही म्हणता काही दिसेना.

देशकर मनाला लावून घेणारा माणूस. टोचलं त्यांनीच होतं. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. "लांजेवार, तुमची मशीन पान्यातून पाहते का हो?"

"चांगलीच पाहते. कावून?"

"डोळा म्हणजे काय? पानीच. मानसांच्या डोळ्याचे डॉक्टर आता आवाजानंच आत पाहतात म्हणे, मी वाचलं. वरची साय औषधानं हळूहळू जाईल, तीन-चार महिने लागतील. पन मागचा पडदा, ज्याच्यावर चित्र उमटते तो, जागेवर हाये का सुटला, हे मले कसं कळावं? जागेवर असन तर मी औषध चालू ठेवतो. सुटला असन तर त्या मुक्या जनावराचे हाल कायले करायचे?"

मी मालकांना विचारून रविवारी मशीन घरी आणली. सकाळी आधी ब्लॉक लावला. मशीन अगदी बरोबर होती.

सदारामच्या घरामागे करंजाचं झाड होतं, त्याखाली लाली उभी. डॉक्टरांनी डोळा बधिर करायचे थेंब टाकले. सवयीनं मी खिशातून तेलाची कुपी काढली, तर डॉक्टर ओरडलेच, "तेल नका लावू हो बाप्पा! तो काय धुरा हाये?" मग त्यांनी रबरी हातमोज्याचं एक बोट कापून त्यात पाणी भरलं, त्याचं तोंड बांधलं. पापणीवर जेली लावून ते बोट ठेवायचं आणि त्यावर प्रोब. लालीचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उभे राहिले, त्यामुळे मशीनच्या पडद्याकडे त्यांची पाठ होती. काय पाहायचं ते त्यांनी मला आधी सांगून ठेवलं होतं. समोर भिंग असतं. अगदी शेवटी मागची बाजू, तिथेच डोळ्याचा पडदा चिकटलेला. पडदा सुटलेला असला तर शेवटच्या टोकाच्या आधी, मध्येच एक टोक उभं राहील.

लोखंडापेक्षा पाण्यात आवाज चौपट हळू चालतो. तो हिशेब मी तिथल्या तिथे तोंडी केला आणि सांगितलं, "डोळा चार सेंटीमीटर खोल आहे." डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर!" माझी छाती फुगली. लालीचा श्वास माझ्या मनगटावर येत होता, गरम, गवताच्या वासाचा. इतकं जिवंत काही मी कधी तपासलं नव्हतं.

मशीनच्या पडद्यावर निघतानाचं टोक दिसलं. त्याच्यापुढे थोड्या अंतरावर एक. ते भिंग, मी मनात म्हटलं. शेवटी एक. आणि या दोघांच्या मध्ये, स्वच्छ, खणखणीत, आणखी एक टोक उभं.

"मधे काही हाये?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. चांगलं ठळक."

ते म्हणाले, "दुसऱ्या डोळ्यावर लावून पाहता का एकदा?"

लाली आता पाय आपटायला लागली होती. मी म्हटलं, "कायले? सकाळी ब्लॉकवर लावून आणली आहे. मशीन बरोबर हाये."

सदाराम लालीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "भाऊ, काय दिसलं?"

खरं तर उत्तर डॉक्टरांनी द्यायचं. पण कामावर जो शब्द सगळ्यात जास्त वापरायचो, तो माझ्या तोंडून गेला. मी म्हटलं, "बाद आहे, सदारामभाऊ."

डॉक्टरांनी सावरून घेतलं, पडदा सुटलेला दिसतो वगैरे समजावून सांगितलं. औषध थांबलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "तुमी लोखंडाचे मानूस. डोयाले कायले हात लावला?" मला राग आला होता.

एका डोळ्याची घोडी टांगा ओढू शकते, ओढतातही. पण सदाराम ऐकेना. "डावा असता तं गोष्ट येगळी," तो म्हणाला. "टरक उजवीकडून येते. सहा लोकायची पोरं बसते माया टांग्यात. उद्या काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" पंधरा दिवसांनी बालोदकडचा एक वीटभट्टीवाला आला आणि लालीला घेऊन गेला. भट्टीवर ट्रक नसतात, माती ओढायची एवढंच. मीना दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवसापासून मी तिला सायकलवर शाळेत सोडू लागलो, आणि सकाळचा चहा कधी संपवायचा ते मला कळेनासं झालं.

यानंतर महिना-दीड महिन्यानं डॉक्टर पुन्हा आले. दुर्गच्या एका वरातीच्या घोडीला फटाका लागून डावा डोळा पांढरा झाला होता. मी रविवारी मशीन घेऊन गेलो. ब्लॉक लावून. ती घोडी स्वभावानं गरीब, आणि मालक भलता चौकस. "साहब, दोनों आँख देख लो, आए ही हो तो." उजवा डोळा माझ्या बाजूला होता आणि चांगला होता, म्हणून आधी तोच घेतला.

मध्ये टोक उभं. त्याच जागी. तसंच ठळक.

मी म्हटलं, "डॉक्टर, हा पन बाद आहे."

"काय बोलून राहिले तुमी? आत्ता थोड्या वेळापूर्वी ह्या डोळ्यानं पाहूनच तिनं माही टोपी ओढली." डॉक्टर घोडीचं डोकं मालकाकडे देऊन पहिल्यांदाच मशीनच्या पडद्यासमोर आले. चष्मा वर करून वाकले. "कोनतं, हे? हे तर भिंगाची मागची बाजू हाये."

"भिंग समोर आहे ना. हे."

"ती भिंगाची पुढची बाजू. भिंगाले दोन बाजू नाई का? मोठ्या बोराएवढं जाड असते घोड्याचं भिंग."

मी भिंग म्हणजे चष्म्याची काच समजत होतो. पातळ. एक काच, एक टोक. लोखंडाच्या माणसाला यापलीकडे सुचलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मध्ये काही उभं राहिलं की बाद, हे मात्र मला पाठ होतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "लालीच्या डोळ्यात निघतानाचं सोडून किती टोकं होती?"

"तीन."

"इथं किती हायेत?"

"तीन."

लालीचा पडदा जागेवर होता. वर्मा उस्तादांचा मंत्र मी रोज म्हणत होतो आणि त्याचा अर्थ मला कधी कळलाच नव्हता. पोलादाचा ठोकळा पोलादापुरता. डोळ्याचा ब्लॉक म्हणजे दुसरा, चांगला डोळा. तो लालीच्या नाकाच्या पलीकडे होता, एक वीत अंतरावर. डॉक्टरांनी मला तो लावायला सांगितलाही होता.

त्याच दिवशी आम्ही सदारामकडे गेलो. टांगा विकून तो स्टेशनवर हातगाडी ओढायला लागला होता. करंजाखाली दावणीचा खुंटा तसाच होता, घुंगरांचा पट्टा खिळ्याला टांगलेला. मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही, हे दोनदा सांगितलं. मला वाटलं तो शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो.

तो म्हणाला, "मंग थे पाहत होती?"

डॉक्टर म्हणाले, "साय होती ना वर. धुरातून दिसते तसं दिसत असन. चेहरा नाई ओळखू येनार. उजेड, सावली, एवढंच."

सदाराम खुंट्याकडे पाहत बोलू लागला. "ज्या दिवशी नेली ना भाऊ, त्या दिवशी मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूनं उभा रायलो. म्हटलं, तिकडून तिले दिसत नाई. डाव्या बाजूनं रायलो असतो तं तिनं मले जाताना पाह्यलं असतं, मंग पाय उचलला नसता तिनं. भट्टीवाल्यानं दोर धरला आन् मी उजव्या बाजूनं हळूच मागं मागं सरलो. तिनं मान वळवली होती मायाकडं. मले वाटलं, वासानं वळवली."

मग त्यानं मला विचारलं, "मी गेलो, थेही दिसलं असन का तिले?"

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले आणि मी जमिनीकडे. मी म्हटलं, "नाही. वासानंच वळवली असेल मान." मला माहीत नव्हतं, तरी ठामपणे सांगितलं. त्यानं मान डोलावली. लांजेवारनं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, असा त्याचाही विश्वास होता.

पुढचे सगळे रविवार आम्ही तिघं लालीला शोधत फिरलो. डॉक्टरांच्या स्कूटरवर ते आणि सदाराम, मागे सायकलीवर मी. बालोदकडचा तो भट्टीवाला सापडला, पण त्यानं लाली दुसऱ्याला दिली होती आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला. आम्ही भट्टी भट्टी पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी विचारायचो, लाल घोडी आहे का, कपाळावर पट्टा, उजवा डोळा पांढरा? लोक नाही म्हणायचे. एका भट्टीवरचा म्हातारा म्हणाला, "पट्टा वाली लाल घोड़ी रही तो, फेर ओखर दूनो आँखी बने रिहिस." म्हणजे होती एक, पण तिचे दोन्ही डोळे चांगले होते. आम्ही त्याचे आभार मानले आणि पुढच्या भट्टीकडे वळलो.

पावसाळा आला, भट्ट्या बंद झाल्या, जनावरं कुठल्या कुठे गेली. मग एक दिवस वर्कशॉपमध्ये एका शाफ्टवर प्रोब फिरवताना माझा हात थांबला. लालीच्या डोळ्यातला पडदा जागेवर होता, डोळा आतून चांगला होता. साय तर जाणारच होती, औषधानं लवकर, नाहीतर आपली आपण उशिरा. आम्ही गावोगाव पांढऱ्या डोळ्याची घोडी विचारत फिरलो. बरी झालेली लाली आम्ही कुणालाच विचारली नाही.

मी तसाच सायकल काढून त्या म्हाताऱ्याच्या भट्टीवर गेलो. माळावर कुणीच नव्हतं. विटांचा अर्धवट रचलेला ढीग, त्यावर गवत आलेलं, आणि चिखलात वाळलेले खुरांचे ठसे. ठसे कुणाचे होते ते मी सांगू शकत नाही. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. परत आल्यावर हे मी सदारामला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. पुढे डॉक्टरांची बदली झाली, आणि सदाराम एके वर्षी आमगावला गेला तो परत आला नाही. तिकडेच वारला, असं नंतर कळलं. घुंगरांचा पट्टा जाताना तो मीनाला देऊन गेला होता.

लोखंडाची नोकरी मी पूर्ण केली. निरोपाच्या दिवशी मला शाल मिळाली आणि भाषणात तो हुकाचा प्रसंग सांगितला गेला. टाळ्या पडल्या. मला मात्र सारखं वाटत होतं, एकदा करंजाखाली पुन्हा जावं, हातमोज्याच्या बोटात पाणी भरावं आणि लालीच्या डाव्या डोळ्यावर आधी प्रोब लावावी. दोन मिनिटांचं काम होतं. तो रविवार मला अजून परत हवा आहे. देशकर हवे आहेत ओट्यावर बसलेले, आणि सकाळी फाटकापाशी ते घुंगरू.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मीना मला नेहरू नगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. ती आता स्वतः पोक्त बाई आहे, तिच्या मुली कॉलेजात जातात. आत तपासणाऱ्या मुलीनं माझ्या डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकले आणि पेन्सिलीसारखी एक प्रोब हातात घेतली. "काका, हिलू नका हं. लेन्स का नंबर निकालना है, डोळा आतून मोजते." शेजारी मशीनचा पडदा होता. डाव्या डोळ्यानं मी तिरपं पाहिलं. निघतानाचं टोक. भिंगाची पुढची बाजू. भिंगाची मागची बाजू. शेवटी डोळ्याचा पडदा.

"पडदा एकदम सही आहे काका," मुलगी म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं प्रोब पुसून डाव्या डोळ्याकडे आणली. "हा भी देख लेते. दोन्ही मिळवून पाहिल्याशिवाय भरोसा नाही करत आम्ही."

मी म्हटलं, "बरोबर आहे बेटा. असंच करत जा." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं थेंबांनी आलं. तिनं कापसानं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग तिनं माझा डावा डोळा तळहातानं झाकला आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. उजव्या डोळ्यात नुसता पांढरा धूर. अक्षरं नाहीत, भिंत नाही. मात्र उजवीकडे दाराजवळ धुरात काहीतरी गडद होतं, उंच, न हलणारं. ती मीना असणार. तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. मी मान तिकडे वळवली.

तेवढ्यात मीनाला फोन आला असावा. ते गडद हललं, जरा मागे सरलं, मग आणखी मागे, आणि तिथे नुसता उजेड राहिला.

"काका, इकडे समोर पाहा ना," मुलगी म्हणाली. "काय दिसते?"

मी म्हटलं, "कोनी उभं होतं बेटा. गेलं. गेलं, थेही दिसलं."